पैसे देऊन पाहुणी टीम बोलवायची आणि तिच्याकडूनच हरायचं

१० सप्टेंबर २०२२ चा शनिवार अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवाल्यांना चांगलाच लक्षात आहे. त्या एका दिवसात टेक्सस ए अँड एम घरच्या मैदानावर ॲपलॅचियन स्टेटकडून १७-१४ हरलं, नोटर डेम मार्शलकडून २६-२१ हरलं आणि रात्री नेब्रास्का जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ हरलं. मोठ्या टीम हरतात कधीकधी, त्यात काय एवढं, असं वाटेल, पण गंमत अशी की तिन्ही ठिकाणी हरणाऱ्या कॉलेजने जिंकणाऱ्या कॉलेजला "या आणि आमच्याशी खेळा" म्हणून पैसे मोजले होते. ए अँड एमने १५ लाख डॉलर, नोटर डेमने साडेबारा लाख, नेब्रास्काने १४ लाख २३ हजार. म्हणजे ४१ लाख डॉलरच्या वर खर्च करून तिघांनी आपापल्या घरी स्वतःचा पोपट करून घेतला. नेब्रास्काने तर दुसऱ्याच दिवशी कोच स्कॉट फ्रॉस्टला काढलं, आणि अजून तीन आठवडे थांबले असते तर त्याला द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार होती, तरी थांबले नाहीत.

आता प्रश्न असा की हे लोक स्वतःच्या खिशातून पैसे देऊन पाहुणे बोलवतात तरी का? आपल्याकडची पोरं एमएस करायला पर्ड्यूला, ए अँड एमला जातात, दर शनिवारी अख्खं गाव एकाच रंगाचे टीशर्ट घालून फिरताना बघतात, पण हा प्रकार त्यांनाही कुणी नीट सांगितलेला नसतो. म्हणून हा लेख. (फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेटवाला, लंबगोल बॉलचा. पायाने खेळायचा तो नव्हे.)

आधी थोडी पायाभरणी. वरच्या पातळीला, ज्याला एफबीएस म्हणतात, १३० च्या वर कॉलेजं आहेत. एवढ्या सगळ्यांची एकमेकांशी लीग होणं शक्यच नाही कारण हंगामात मॅचेस फक्त १२. म्हणून कॉलेजांचे गट आहेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात: एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसीसी हे चार दादा गट, आणि मग सन बेल्ट, मॅक वगैरे लहान गट. १२ पैकी ८ किंवा ९ मॅचेस आपल्याच गटातल्या टीमशी, त्या गटाचं ऑफिस ठरवून देतं, त्यात कॉलेजला फारसं काही बोलता येत नाही. उरलेल्या ३ किंवा ४ मात्र ज्याच्या त्याने स्वतः जमवायच्या. हेच नॉन-कॉन्फरन्स शेड्युल. एनसीएए ही वरची संस्था आहे, ती फक्त किती मॅचेस आणि कधीपासून एवढंच बघते. कोण कोणाशी खेळणार याचा ड्रॉ नाही, चिठ्ठ्या नाहीत, काही नाही. कॉलेजचा ॲथलेटिक डायरेक्टर फोन उचलतो, दुसऱ्या डायरेक्टरला विचारतो "२०३१ च्या सप्टेंबरचा दुसरा शनिवार मोकळा आहे का", आणि जमलं तर वकील करार करतात. कोणाची कुठली तारीख रिकामी आहे हे शोधायला गेल्या काही वर्षांत सॉफ्टवेअर आलंय, पण मूळ धंदा फोनाफोनीचाच.

गावच्या जत्रेतल्या कुस्त्या आठवा. जोड कशी लावायची हे पंच ठरवतात, दोघं बघून घेतात, वजन-ताकद साधारण बरोबरीची, आणि जिंकेल त्याला इनाम. इथे उलटं. जोड पैलवानच लावतो, मुद्दाम आपल्यापेक्षा हलका शोधतो, आणि इनाम त्या हलक्यालाच, हरला तरी, आधीच ठरलेलं. प्रेक्षक मात्र सगळे यजमानाचे.

या सौद्याला गॅरंटी गेम म्हणतात. पाहुण्याला ठराविक रक्कम, आणि बदल्यात यजमानाने त्यांच्या गावी परत खेळायला जायचं नाही. सगळ्यात गाजलेलं उदाहरण १ सप्टेंबर २००७ चं. मिशिगन तेव्हा देशात पाचव्या नंबरवर. त्यांच्या स्टेडियममधे एक लाखाच्या वर माणूस बसतो. त्यांनी ४ लाख डॉलर देऊन, तेव्हाच्या दराने दीड-पावणेदोन कोटी रुपये, ॲपलॅचियन स्टेटला बोलवलं. ही टीम तेव्हा एफबीएसमधली सुद्धा नव्हती, एक पायरी खालच्या एफसीएसमधली होती. तिथली चॅम्पियन होती हे खरं, पण कित्येक वर्षं वरच्या पातळीला ८५ स्कॉलरशिप द्यायची मुभा होती आणि खालच्या पातळीला ६३, म्हणजे दुखापती झाल्या की बदली खेळाडू उभे करताना दमछाक ठरलेली. तरी पाहुण्यांनी शेवटच्या सेकंदाला मिशिगनची फील्ड गोलची किक अडवली आणि ३४-३२ जिंकले. त्यानंतर एपी या वृत्तसंस्थेने, ज्यांचं देशातलं रँकिंग सगळ्यात जुनं आणि मानाचं, आपला नियम बदलला आणि रँकिंगसाठी मत देणाऱ्यांना खालच्या पातळीच्या टीमचंही नाव निवडायची परवानगी दिली. पुढे २०१४ मधे तेच दोघं पुन्हा भिडले, तेव्हा भाव ४ लाखावरून १० लाखावर गेला होता. मिशिगन ५२-१४ जिंकलं. पैसे वसूल, उशिरा का होईना.

पण पैसे का देतात याचं खरं उत्तर घरच्या मैदानात आहे. लाखभर तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं, स्टेडियममधल्या महागड्या खास खोल्यांत बसणारे श्रीमंत देणगीदार, शिवाय गावातली हॉटेलं आणि दुकानं जी वर्षभराची कमाई या सात शनिवारांत करतात. मोठ्या कॉलेजला घरच्या एका मॅचमधून काही मिलियन डॉलर येतात, त्यातून १२-१५ लाख पाहुण्याला दिले तरी वर भरपूर उरतं. म्हणून जवळपास प्रत्येक मोठ्या कॉलेजचा हिशोब सुरू होतो तो "घरी ७ मॅचेस झाल्याच पाहिजेत" इथून.

आणि इथेच खरं कोडं आहे. समजा तुमच्या गटात ९ मॅचेस आहेत. ९ हा विषम आकडा, म्हणजे एका वर्षी घरी ५ आणि बाहेर ४, पुढच्या वर्षी घरी ४ आणि बाहेर ५. गटाबाहेरच्या टीमसाठी उरल्या ३. ज्या वर्षी गटातल्या घरी ४ च आहेत त्या वर्षी ७ चा आकडा गाठायला उरलेल्या तिन्ही घरीच घ्याव्या लागतात, एकाही ठिकाणी जाता येत नाही. ज्या वर्षी ५ आहेत त्या वर्षी एक मॅच बाहेर खेळून यायची चैन करता येते. म्हणजे तगड्या टीमशी "यंदा तुम्ही या, पुढच्या वर्षी आम्ही येतो" असा करार करायचा झाला, ज्याला होम-अँड-होम म्हणतात, तर दोघांचं सम-विषम जुळलं पाहिजे: माझं पाच-घरचं वर्ष ते तुझं चार-घरचं वर्ष असायला हवं. दोघांची ५ ची वर्षं एकच असतील तर एकाला घरची एक मॅच सोडावी लागते आणि मग चर्चा तिथेच थांबते. चाहते ओरडत असतात की "अमक्याशी का खेळत नाही, घाबरलात का", आणि बरेचदा घाबरलेले असतातच म्हणा, पण कधीकधी खरंच नुसतं कॅलेंडर आडवं येतं.

त्यातून मधले मार्ग निघतात. टू-फॉर-वन म्हणजे दोनदा तुम्ही आमच्याकडे या, एकदा आम्ही येतो, हे साधारण मोठं कॉलेज आणि मधल्या ताकदीचं कॉलेज यांच्यात. न्यूट्रल साइट म्हणजे अटलांटा नाहीतर डॅलसजवळच्या एखाद्या प्रोफेशनल टीमच्या स्टेडियमवर दोघांनी भेटायचं, आयोजक दोघांनाही पैसे देतात, मात्र गावातला हॉटेलवाला कपाळाला हात लावतो. आणि एक हवाईची सवलत आहे जी मला फार आवडते: हवाईच्या बेटावर जाऊन त्यांच्याशी खेळलात तर तुम्हाला १२ ऐवजी १३ मॅचेस खेळता येतात. एवढ्या लांब खर्च करून कोण जाणार, म्हणून हे आमिष.

करार कसा असतो तेही थोडं बघू. रक्कम, तारीख, पाहुण्यांना फुकट तिकिटं किती, पंच कुठल्या गटाचे, टीव्हीचे हक्क (यजमानाच्या गटाचे, त्यात पाहुण्याला काही मिळत नाही), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोडला तर दंड किती. मग एक कलम असतं दैवी आपत्तीचं, जे कोणी वाचत नाही आणि नेमकं तेच कधीतरी लागतं. १ सप्टेंबर २०१८, पुन्हा नेब्रास्का, पुन्हा स्कॉट फ्रॉस्ट, कोच म्हणून त्याची तिथली पहिलीच मॅच, पाहुणे ॲक्रन. पहिली किक मारली गेली आणि विजा सुरू झाल्या. थांबले, वाट बघितली, शेवटी मॅच रद्द. आता दोघांच्या हंगामात एक एक भोक. नेब्रास्काने ऑक्टोबरच्या एका मोकळ्या शनिवारी बेथ्यून-कुकमन नावाची खालच्या पातळीची टीम आणून बसवली. ॲक्रनला डिसेंबरच्या १ तारखेला साउथ कॅरोलायना मिळालं, कारण त्यांचीही एक मॅच चक्रीवादळात वाहून गेली होती. एका विजेमुळे ज्यांनी एकमेकांचं नाव त्या वर्षात घ्यायचं काही कारण नव्हतं असे दोघं समोरासमोर आले.

वादळ नसलं तरी करार मोडतात, फक्त कारण वेगळं असतं. २०२६ आणि २०२७ ला नेब्रास्का आणि टेनेसी खेळणार होते, एकदा इकडे एकदा तिकडे. फेब्रुवारी २०२५ मधे नेब्रास्काने माघार घेतली, १० लाख डॉलर दंड भरायची तयारी दाखवली, आणि जागी बोलिंग ग्रीन आणि ओहायोतलं मायामी यांना घरी बोलवलं. कारण सांगितलं स्टेडियमचं बांधकाम आणि घरच्या मॅचेसचं उत्पन्न. टेनेसीवाले चिडले. माझ्या मते चिडायचा त्यांना पूर्ण हक्क होता, पण नेब्रास्काच्या चोपडीत हा सौदा फायद्याचाच दिसतो, आणि तिकडे शेवटी चोपडीच चालते. २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, त्यामुळे घरच्या मॅचची किंमत अजून वाढलीय.

आता पलीकडची बाजू. हलकं कॉलेज मार खायला का येतं? सरळ आहे, खेळ चालवायला पैसा नसतो. २०१२ मधे जॉर्जियातल्या सव्हाना स्टेटने लागोपाठ दोन शनिवार असे घेतले: ओक्लाहोमा स्टेटकडे ८४-० आणि मग फ्लोरिडा स्टेटकडे ५५-०, दुसरी मॅच पाऊस-विजांमुळे तिसऱ्या क्वार्टरमधेच थांबवली म्हणून ५५, नाहीतर विचारू नका. दोन्हीचे मिळून ८ लाख ६० हजार डॉलर. पुढच्या वर्षी ओहायो स्टेटने फ्लोरिडा ए अँड एमला ९ लाख दिले आणि ७६-० धुतलं. त्या पैशात त्या कॉलेजचा ट्रॅक, व्हॉलीबॉल, मुलींचं सॉफ्टबॉल असं सगळं चालतं, जे स्वतःच्या पायावर कधी उभं राहिलं नसतं. शिवाय पोरांना टीव्हीवर दिसायला मिळतं. पण १९-२० वर्षांच्या मुलांना ८४-० साठी बसमधे बसवायचं, त्यांच्यावर जास्त जड आणि ताकदवान माणसं सोडायची, आणि त्याचं बिल संस्थेने वसूल करायचं, हे मला तरी पटत नाही. बास्केटबॉलमधे असा मार खाल्ला तर लाज जाते, इथे गुडघा जातो.

मोठ्यांना अशा मॅचेसमधून अजून एक गोष्ट मिळते ती म्हणजे आकडा. ६ मॅचेस जिंकल्या की बोल गेमला, म्हणजे डिसेंबरच्या त्या सणासुदीच्या मॅचेसना, पात्र होता. खालच्या पातळीवरच्या टीमवरचा एक विजय त्यात धरला जातो, दुसरा धरत नाहीत, म्हणून शेड्युलमधे अशी टीम बहुतेक एकच दिसते. मधल्या ताकदीच्या कॉलेजचा हिशोब मग असा: बाहेरच्या तीन सोप्या जिंकायच्या, गटातल्या नऊपैकी कशातरी तीन काढायच्या, झाले सहा, कोचला बोनस, देणगीदार खूश.

एसईसीवाल्यांनी यात एक वेगळीच कला आणली. बाकीचे सोप्या मॅचेस सप्टेंबरात संपवतात, हे एक सोपी मॅच राखून ठेवतात आणि नोव्हेंबरात, कट्टर वैऱ्याशी मॅच असते त्याच्या आदल्या आठवड्यात खेळतात, म्हणजे मुख्य खेळाडूंना विश्रांती. दिसायला हुशारी. २०२३ मधे ऑबर्नने १८ लाख ५० हजार डॉलर देऊन अशा शनिवारी न्यू मेक्सिको स्टेटला बोलवलं आणि ३१-१० हरले, तेही कुठे नशिबाने वगैरे नाही, व्यवस्थित, शांतपणे, सगळ्या बाजूंनी. पुढच्याच शनिवारी हेच ऑबर्न अलाबामाला शेवटच्या मिनिटापर्यंत हरवत होतं आणि अलाबामाला चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, ३१ यार्ड हवे असताना टचडाऊन खाऊन २७-२४ हरलं. या खेळाचं काही सांगता येत नाही.

मग चांगल्या टीमशी खेळायचंच कशाला, सगळ्याच सोप्या घ्या की? इथे येते प्लेऑफची निवड समिती. विजेता ठरवायच्या शेवटच्या फेरीत कोण जाणार हे नुसत्या गुणतक्त्यावर ठरत नाही, एक समिती बसून बघते, आणि "कोणाशी खेळलात" हाही त्यात एक मुद्दा असतो. २०१४ ला, प्लेऑफ चारच टीमचं होतं तेव्हा, बेलर ११-१ (म्हणजे ११ जिंकल्या, १ हरले) असूनही बाहेर राहिलं. त्यांनी गटाबाहेरच्या तीन मॅचेस एसएमयू, नॉर्थवेस्टर्न स्टेट आणि बफेलो अशा घेतल्या होत्या, आणि ते त्यांच्या नावावर चिकटलं. तेव्हा सगळे म्हणाले, चला, आता तरी लोक तगड्या मॅचेस घेतील.

घेतल्या का? काहींनी घेतल्या. २०२४ पासून प्लेऑफ १२ टीमचं झालं आणि मग चित्र परत फिरलं. त्या वर्षी इंडियानाने लुइव्हिलबरोबरच्या ठरलेल्या मॅचेस रद्द करून फ्लोरिडा इंटरनॅशनल, वेस्टर्न इलिनॉय आणि शार्लट असे तीन सोपे गडी घेतले, ११-१ झाले, आणि आत गेले. पुढच्या वर्षी पुन्हा तसेच तीन सोपे, आणि यावेळी १६-० करून थेट राष्ट्रीय विजेतेच झाले. त्यांना नाव ठेवायला जागाच उरली नाही, कारण मोठ्यांनाही त्यांनी हरवून दाखवलं. त्याच २०२५ मधे टेक्ससने पहिलीच मॅच ओहायो स्टेटच्या घरी जाऊन खेळली, १४-७ हरले, शेवटी ९-३ झाले आणि बाहेर राहिले. त्यांचा कोच वैतागला की आम्ही ती मॅच घेतलीच नसती तर १०-२ असतो. खरं बोलायचं तर टेक्ससला ओहायो स्टेटपेक्षा फ्लोरिडाकडून हरणं जास्त महागात पडलं, कारण त्या वर्षीचं फ्लोरिडा अगदीच यथातथा होतं. पण डायरेक्टर लोकांनी धडा घ्यायचा तो घेतलाच: हरण्याची शिक्षा नक्की मिळते, हिमतीचं बक्षीस मिळालं तर मिळालं. समितीने कितीही सांगितलं की आम्ही ताकद बघतो, तरी शेवटी लोकांच्या नजरेत भरतो तो उजवीकडचा आकडा, म्हणजे किती हरलात तो.

या फ्लोरिडाची पण एक कहाणी आहे. १९९१ मधे ते सिरॅक्यूजला जाऊन खेळले होते. त्यानंतर गटाबाहेरच्या टीमच्या घरच्या मैदानावर, फ्लोरिडा राज्य ओलांडून, ते पुन्हा गेले २०२३ ला, युटामधे. मधे ३२ वर्षं! फ्लोरिडा स्टेटशी दरवर्षीचं भांडण आहे, त्यामुळे "आम्हाला दुसरी तगडी मॅच कशाला" हे उत्तर तयारच असायचं, आणि ते अगदीच खोटंही नाही. पण तीन वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेल्या टीमने एवढी वर्षं राज्याबाहेर पाऊल टाकू नये, हे जरा अतीच झालं. युटात २४-११ हरले तो भाग वेगळा.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली, जी नवीन बघणाऱ्याला हमखास गोंधळात टाकते. या गटाबाहेरच्या मॅचेसचा निकाल गटाच्या तक्त्यात धरतच नाहीत. २०२४ च्या सप्टेंबरमधे नॉर्दर्न इलिनॉयने नोटर डेमला त्यांच्या घरी १६-१४ हरवलं, वर १४ लाख डॉलर घेऊन आले, कोच मैदानावर रडला. पुढच्या मॅचला तीच टीम स्वतःच्या मैदानावर ओव्हरटाइममधे बफेलोकडून हरली, आणि त्यांच्या मॅक गटाच्या दृष्टीने ते तेव्हा ०-१ होते, बस्स. तिकडे हरलेलं नोटर डेम त्यानंतर एकेक जिंकत सुटलं ते थेट अंतिम मॅचपर्यंत.

आता पुढे काय, तर बाजार आक्रसतोय. एसईसीने २०२६ पासून गटातल्या ८ ऐवजी ९ मॅचेस करायचं ठरवलंय, आणि त्याशिवाय दुसऱ्या दादा गटातली नाहीतर कुठल्याच गटात नसलेल्या नोटर डेमसारखी एक तरी टीम घ्यायचीच असा नियम आहे. जॉर्जियाला जॉर्जिया टेक, साउथ कॅरोलायनाला क्लेमसन, केंटकीला लुइव्हिल, फ्लोरिडाला फ्लोरिडा स्टेट, यांची ती अट जुन्या वैरावरच भागते. बाकीच्यांना शोधावी लागणार. म्हणजे १२ मधून ९ गेल्या, १ तगडी गेली, उरल्या २. आधी प्रत्येकाकडे चेक फाडायला तीन जागा असायच्या, आता दोन, आणि एसईसीमधे कॉलेजं १६, म्हणजे एका गटातून वर्षाला १६ पर्यंत चेक कमी. एसीसीही ९ कडे निघालीय. सन बेल्ट आणि मॅकमधल्या, आणि त्याखालच्या पातळीवरच्या डायरेक्टरांनी पुढच्या पाच वर्षांची अंदाजपत्रकं अशा दोन-दोन, तीन-तीन चेकांवर आधीच बेतून ठेवलेली आहेत. मोठ्यांना मोडायचा दंड परवडतो, आणि दंड एकदाच मिळतो. पुढच्या वर्षीची तारीख मात्र पुन्हा फोन फिरवूनच भरावी लागते, आणि आता एकाच वेळी तोच फोन फिरवणारे बरेच जण असणार, म्हणजे भाव पण पडणार.